वाटेतला अंतराय

एप्रिल सरत आला की रत्नागिरीच्या बाजारपेठेला उसंत मिळत नाही. एकीकडे आंब्याच्या पेट्या मुंबई-पुण्याकडे रवाना होत असतात. दुसरीकडे गावोगावची कुटुंबे आगोटीच्या खरेदीला बाहेर पडतात. पावसाळ्याचे चार महिने पुरेल इतके धान्य, कडधान्य, मिरची, मीठ, तेल घरात यायला हवे असते. घाऊक किराण्याच्या पेढ्यांवर सकाळपासून गाड्या लागतात आणि रात्री रोजमेळ जुळेपर्यंत दिवे मालवत नाहीत. अशाच एका संध्याकाळी पेढीवरचा दिवाणजी हिशेब आटोपून गल्ल्याजवळ येऊन उभा राहतो. नऊ वर्षांची नोकरी झालेली. खिशात घडी घातलेला एक कागद.

"शेठ, जयगडला बंदराकडे एका कंपनीत हिशेबनिसाची जागा निघाली आहे. मुलाखतीला बोलावले आहे. अनुभवाचा दाखला मागतात."

शेठ चष्मा काढून त्याच्याकडे पाहतात. "आगोट तोंडावर आली आणि तुला आता हे सुचले? नऊ वर्षे घरच्यासारखे ठेवले, ते याचसाठी? दाखला वगैरे काही मिळणार नाही. आणि त्यांचा फोन आला, तर काय सांगायचे ते मी सांगेन."

दिवाणजी काही बोलत नाही. कागद पुन्हा खिशात जातो. दुसऱ्या दिवशी तो नेहमीच्या वेळी हजर असतो, नेहमीसारखा वह्या उघडतो. फक्त कालपर्यंत जो आपणहून चार उधाऱ्यांची आठवण करून द्यायचा, तो आज विचारले तेवढेच सांगतो.

हा प्रसंग अमुक एका पेढीचा नाही. चेहरे आणि वस्तू बदलल्या की तो कापडाच्या दुकानात घडतो, सराफी पेढीवर घडतो, औषधांच्या घाऊक दुकानात घडतो. रत्नागिरीत घडतो तसाच सांगलीत, कोल्हापुरात, सोलापुरातही घडतो. व्यापारी कुटुंबांत त्याची चर्चा होते ती बहुधा "माणसे टिकत नाहीत" या एका वाक्यापुरती. माणूस जाऊ पाहतो तेव्हा मालकाने काय करणे योग्य, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

प्रथम शेठांची बाजू पाहिली पाहिजे, कारण ती खोटी नाही. ज्या मुलाला नावे-जमा यांतला फरक कळत नव्हता, त्याला त्यांनी खतावणी शिकवली. त्याच्या बहिणीच्या लग्नात उचल दिली, आजारपणात पगार कापला नाही. आता कोणत्या गावचा दुकानदार किती दिवसांनी पैसे देतो, कोणता माल कोणत्या भावाने उतरतो, हे सारे त्याला ठाऊक आहे. हंगामाच्या ऐन मध्यावर तो गेला तर नव्या माणसाला हे शिकवायला वर्ष जाईल. शिवाय एकाला पत्र दिले तर उद्या दुसरा उभा राहील, ही भीतीही आहे. या चिंता व्यवहारातल्या आहेत. त्यांचे निवारणही व्यवहारानेच करता येते, आणि ते कसे, हे पुढे येईल. परंतु दाखला नाकारणे हे त्या चिंतांचे निवारण नव्हे. दाखला नाकारल्याने दिवाणजीची खतावणीवरची नजर परत मिळत नाही. मिळतो तो फक्त त्याचा देह, सकाळी साडेनऊ ते रात्री आठ.

याबाबत कायद्याची भूमिका गेल्या दीडशे वर्षांत हळूहळू स्पष्ट होत गेली आहे. १८५९ साली ब्रिटिश अमलात असा एक कायदा झाला होता की, आगाऊ रक्कम घेऊन काम अर्धवट सोडणाऱ्या कारागिराला किंवा मजुराला कैदेत टाकता येत असे. तो कायदा १९२५ साली रद्द करण्यात आला. कोकणात आंब्याच्या बागेतला राखणदार आणि मच्छीमार बोटीवरचा खलाशी आजही हंगामापूर्वी उचल घेतो. पण ती न फिटल्यास मागता येतात ते पैसे, माणूस नव्हे. भारतीय करार अधिनियम, १८७२ याचे कलम २७ तर असे सांगते की, कोणालाही कायदेशीर व्यवसाय, धंदा वा व्यापार करण्यापासून रोखणारा करार त्या मर्यादेपर्यंत शून्य असतो.

मालकाचे काहीच चालत नाही, असा याचा अर्थ मुळीच नाही. या विषयावरचा एक महत्त्वाचा निर्णय महाराष्ट्रातल्याच एका कारखान्याच्या खटल्यात झाला. कल्याण येथे टायरकॉर्डचा धागा तयार करणाऱ्या सेंचुरी स्पिनिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने परदेशी सहकार्याने नवे तंत्र आणले होते. ते तंत्र गुप्त राखण्याची जबाबदारी कंपनीवर होती. निरंजन शंकर गोलीकरी हे तेथे पाळी पर्यवेक्षक होते. त्यांनी पाच वर्षांचा करार केला होता आणि कंपनीने त्यांना प्रशिक्षण दिले होते. १९६४ साली मुदत पुरी होण्याआधीच ते राजस्थानातील कोटा येथे तशाच उद्योगात अधिक पगारावर रुजू झाले. कंपनी न्यायालयात गेली. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निर्णय दिला : कराराची मुदत चालू असताना त्याच प्रकारचे काम दुसरीकडे करू नये, ही अट वाजवी असेल तर ती व्यापाराला अटकाव ठरत नाही. मात्र त्या मनाईला काळाची मर्यादा होती. ती ठरलेल्या मुदतीपुरतीच होती आणि त्याच प्रकारच्या कामापुरती होती. जुन्या मालकाकडेच परत येऊन राबले पाहिजे, अशी सक्तीही तिच्यात नव्हती.

मुदत संपल्यानंतरचे बंधन मात्र न्यायालयाला मान्य होत नाही. मूळच्या श्रीरामपूरच्या झहीर खान या क्रिकेटपटूचा खटला अनेकांना आठवत असेल. परसेप्ट डी'मार्क या संस्थेबरोबरच्या त्याच्या करारात एक कलम होते : मुदत संपल्यावर दुसऱ्या कोणाशी करार करण्यापूर्वी पहिली संधी याच संस्थेला द्यावी. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने संस्थेला मनाई हुकूम देण्यास नकार दिला. कराराच्या मुदतीपलीकडे जाणारा असा अटकाव कलम २७ मध्ये बसत नाही, असे त्यामागचे कारण होते.

शासकीय नोकरीतही 'योग्य मार्गाने अर्ज' आणि 'ना हरकत प्रमाणपत्र' हे शब्द प्रत्येकाच्या परिचयाचे आहेत. तेथे वरिष्ठाच्या टेबलावर अर्ज पडून राहिल्याच्या तक्रारी जुन्याच आहेत. तथापि केंद्र शासनाच्या सूचनांचा रोख असा आहे की, कर्मचाऱ्याला वर्षातून चार वेळा बाहेरच्या पदांसाठी अर्ज करण्याची संधी द्यावी आणि अर्ज रोखून धरायचा तर त्याला सार्वजनिक हिताचे सबळ कारण असावे. अर्ज पुढे पाठवणे हा नियम आणि रोखणे हा अपवाद, हे तत्त्व सरकारी कचेरीने मान्य केले असताना खाजगी पेढीने त्याहून मागे राहावे काय?

खाजगी मालकाने कोणाची शिफारस करावी, अशी सक्ती कायदा करीत नाही. लहान पेढीवर तर बहुतेक सारे मालकाच्या मनावरच असते. म्हणूनच हा प्रश्न कायद्यापाशी संपत नाही, तो श्रावकाच्या आचारापाशी येतो.

योगायोग असा की आगोटीच्या याच दिवसांत अक्षय तृतीया येते. कुटुंबात कोणाचे वर्षीतप असेल तर पारण्याची तयारी सुरू असते, उसाचा रस मागवला जातो, पाहुणे येतात. प्रथम तीर्थंकर ऋषभदेव भगवानांना वर्षाहून अधिक काळ आहार मिळाला नाही आणि हस्तिनापुरात श्रेयांसकुमारांच्या हातून इक्षुरसाने त्यांचे पारणे झाले, ही कथा घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. त्यामागचे कारण म्हणून परंपरेत जे सांगितले जाते, त्याकडे मात्र व्यापाऱ्याने विशेष लक्ष द्यावे असे आहे. मळणीच्या वेळी बैल धान्य खातात, अशी तक्रार आली तेव्हा बैलांच्या तोंडाला मुसकी बांधावी असा सल्ला त्यांनी पूर्वी एकदा दिला होता. तेवढ्या वेळच्या त्या मुक्या जिवांच्या उपासाचे अंतराय कर्म बांधले गेले आणि तीर्थंकराच्या भवातही ते भोगावे लागले.

ही कथा बारकाईने पाहिली तर सल्ला देणाऱ्याचा हेतू क्रूर नव्हता. शेतकऱ्याचे धान्य वाचावे, एवढाच होता. बैलांना कोणी मारले नव्हते, उपाशी ठेवायचे असेही कोणाच्या मनात नव्हते. तरीही दुसऱ्याच्या तोंडचा घास अडला, आणि कर्मसिद्धांताने तेवढ्याचीच नोंद घेतली. आठ कर्मांपैकी अंतराय कर्माचे पाच भेद आहेत : दान, लाभ, भोग, उपभोग आणि वीर्य. दुसऱ्याला होऊ घातलेल्या लाभात विघ्न आणणे म्हणजे स्वतःच्या लाभांतरायाची बेगमी करणे होय. गल्ल्याशेजारी उभ्या असलेल्या दिवाणजीला दाखला नाकारणारा शेठही आपले धान्यच वाचवीत असतो. मुसके मात्र बांधले जाते.

तत्त्वार्थसूत्र श्वेतांबर आणि दिगंबर या दोन्ही परंपरांना मान्य आहे. त्यात अहिंसा अणुव्रताचे जे पाच अतिचार गणले आहेत, ते बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध हे होत. पहिला आणि शेवटचा यांवर पेढीच्या दृष्टीने विचार करावा. बांधून ठेवायला दोरखंडच लागतो असे नाही; अडवून ठेवलेला दाखला, कुलपात ठेवलेली मूळ प्रमाणपत्रे, थकवलेला शेवटचा पगार यांनीही माणूस बांधला जातो. आणि ज्या जागी त्याला चार पैसे अधिक मिळणार होते, ती जागा हुकली तर त्याच्या घरातल्या ताटातले काही ना काही कमी होतेच.

त्याच ग्रंथात परिग्रहाच्या मर्यादा मोडण्याचे प्रकार सांगताना शेत-घर, सोने-चांदी, धन-धान्य यांच्या रांगेत दासी-दासही येतात. माणसांवरचे स्वामित्व हाही परिग्रहच, हे आचार्यांनी इतक्या शतकांपूर्वी ओळखले होते. आज दास कोणी नाही. परंतु "आमचा माणूस" हे शब्द जिभेवर येतात तेव्हा त्यांत माया किती आणि मालकी किती, हे प्रत्येकाने स्वतःच्या मनाशी तपासावे. मायेची खूण अशी की, माणसाचे भले दुसरीकडे होत असेल तर ती वाट सोडते.

फोनवर काय सांगायचे, हा प्रश्न त्याहून नाजूक आहे. रत्नागिरीसारख्या गावात सगळे सगळ्यांना ओळखतात. नव्या ठिकाणाहून चौकशी झाली आणि जुन्या शेठांनी "माणूस बरा आहे, पण जरा विचार करून घ्या," एवढे जरी म्हटले, तरी पुढचे सारे संपते. यात खोटे असे एकही वाक्य नसते, पण ऐकणाऱ्याच्या मनात चोरीपासून व्यसनापर्यंत सगळे उभे राहते. अठरा पापस्थानकांत अभ्याख्यान, पैशून्य आणि परपरिवाद यांना स्वतंत्र स्थान दिले आहे, ते अशाच अर्धवट वाक्यांसाठी. उलट बाजूने, रागाला किंवा भिडेला बळी पडून नालायक माणसाला उत्तम म्हणून लिहून देणे ही कूटलेखक्रिया, म्हणजे सत्याणुव्रताचा अतिचार. म्हणून दाखला खरा असावा. जेवढे आहे तेवढेच त्यात असावे.

व्यापारी घराण्यांनी आपला इतिहास आठवला तरी हे पटावे. मारवाड, गुजरात, कच्छ येथून किंवा घाटावरून कोकणात आलेल्या किती कुटुंबांची सुरुवात स्वतःच्या दुकानाने झाली? आजोबा-पणजोबा आधी कोणाच्या तरी पेढीवर गुमास्ते होते. तेथे धंदा शिकले आणि एके दिवशी हात जोडून म्हणाले, "आता स्वतःचे काही करावे म्हणतो." त्या वेळच्या शेठांनी पहिला माल उधारीवर दिला, दोन ओळखी दिल्या, म्हणून आजची पाटी उभी आहे. त्या शेठांनी मुसके बांधले असते तर?

सोलापूरच्या दिगंबर जैन कुटुंबातील वालचंद हिराचंद यांचे नाव भारतीय जहाजबांधणी, विमान आणि मोटार उद्योगाशी जोडलेले आहे. त्यांच्या स्वतंत्र कर्तृत्वाची सुरुवात घराण्याच्या कापूस-सावकारीत झाली नाही. ती झाली लक्ष्मणराव फाटक या भागीदाराबरोबर घेतलेल्या रेल्वेच्या ठेक्यांतून, विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी. हे फाटक पूर्वी रेल्वेत कारकून होते. नोकरी सोडून बाहेर पडलेल्या एका कारकुनाचे ज्ञान आणि एका व्यापारी तरुणाची हिंमत एकत्र आली, त्यातून पुढचे सारे घडले. कुंभोजला जैन कुटुंबात जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटीलही आधी ओगले काच कारखान्याचा आणि किर्लोस्करांच्या नांगरांचा माल विकत गावोगाव हिंडले होते. त्या भ्रमंतीत त्यांनी खेड्यापाड्यांतले अज्ञान पाहिले. १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन झाली, आणि पुढे त्यांचे सारे आयुष्य तिचेच झाले. चांगला विक्रेता गमावला असे त्या काळी कोणाला वाटले असेलही. महाराष्ट्राला काय मिळाले, ते सर्वांना माहीत आहे.

आता व्यवहाराची बाजू. दिवाणजीने नोकरी शोधणे हा विश्वासघात नाही, पण जाण्याच्या रीतीत विश्वासघात होऊ शकतो, आणि तेवढ्यापुरती मालकाची मागणी रास्त आहे. नोकरीला ठेवतानाच किती दिवसांची पूर्वसूचना द्यायची हे दोघांनी लिहून ठरवावे; पेढीचा हंगाम ठरलेला असतो, तेव्हा हंगामाचा उल्लेख त्यात आधीच करावा. जाणाऱ्याने उधारीच्या याद्या समजावून द्याव्यात, चाव्या, पावती-पुस्तके, संगणकातले हिशेब यांचा ताबा देऊन सही घ्यावी, नव्या माणसाला काही दिवस हाताशी धरून शिकवावे. पेढीचे भाव आणि ग्राहकांची गुपिते तो बरोबर नेणार नाही, हे त्याच्याकडून मागता येते. ते न पाळणे हे त्याच्या बाजूचे अदत्तादान ठरेल.

मालकाने काय करावे? मूळ प्रमाणपत्रे कधीच ठेवून घेऊ नयेत. पाहिजे तर झेरॉक्स ठेवावी. उचल राहिली असेल तर तिचा हिशेब कागदावर मांडून हप्ते ठरवावेत. दाखला तिच्यापायी तारण म्हणून अडवू नये. शेवटचा पगार वेळेवर द्यावा. भविष्य निर्वाह निधी लागू असेल तर नोकरी सोडल्याची तारीख नोंदवावी. दहा वा अधिक माणसे असलेल्या पेढीवर पाच वर्षे सलग सेवा झालेल्याला उपदान हा हक्कच आहे. सेवेच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन असा त्याचा हिशेब असतो. आणि एकाला पत्र दिले तर सगळेच जातील, ही भीती असेल तर तिचे उत्तर पगारपत्रकात शोधावे. जी पेढी माणसाला सुखाने निरोप देते, तिच्याकडे पुढचा चांगला माणूस आपणहून येतो. गावात ही गोष्ट लपत नाही. गेलेला माणूसही शत्रू होऊन जात नाही. जयगडच्या कंपनीत बसलेला जुना दिवाणजी उद्या तेथल्या उपाहारगृहाच्या किराण्याचे दरपत्रक मागवायला याच पेढीला फोन करील, असेही होऊ शकते.

दाखल्यात काय लिहावे, याला फार विचार लागत नाही. अमुक या नावाचे गृहस्थ अमुक तारखेपासून आमच्या पेढीवर हिशेबाचे काम पाहत आहेत. रोजमेळ, खतावणी, वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे ही कामे त्यांच्याकडे आहेत. त्यांच्या हिशेबात आम्हाला कधी खोट आढळली नाही. त्यांनी अन्यत्र नोकरी स्वीकारल्यास ठरलेल्या पूर्वसूचनेनंतर त्यांना मोकळे करण्यास आमची हरकत नाही. खाली सही, पेढीचा शिक्का आणि तारीख.

संवत्सरीच्या दिवशी पेढीवरच्या प्रत्येक माणसाला शेठ हात जोडून मिच्छामि दुक्कडं म्हणतात, आणि दिवाणजीही संकोचून हात जोडतो. त्या दिवसाला अजून चार महिने आहेत. पारण्याचा उसाचा रस मात्र उद्याच घरी येणार आहे आणि मुलाखत परवा आहे. चार ओळींचा तो कागद आज रात्री दुकान बंद होण्यापूर्वी लिहून होण्यासारखा आहे.